सावजीच्या दारातली हाक

चंद्रपुरात कुठं काय खावं, हे या ग्रुपवर मला बरेच जण विचारतात आणि मीही हौसेनं सांगतो. सकाळी बसस्टँडकडचा तर्री पोहा, संध्याकाळी गोलबाजारातली सांबारवडी, रविवारी पाटोडीचा रस्सा... मागच्या आठवड्यात एका ताईंनी विचारलं, "दादा, मूल रोडच्या त्या सावजीचं नाव तुमच्या यादीत कधीच नसतं. मटण खराब आहे का?"

नाही ताई. मटण एक नंबर आहे. हॉटेलवाल्याचाही काही दोष नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पण मी तिथं पाय ठेवत नाही. का, ते आज लिहून टाकतो.

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टींवर हसणारा माणूस मी. बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे सांगायला मला लाज नाही, अभिमान आहे. सावली तालुक्यात आमचं गाव. बाबा गावच्या तलावात मासे धरतात, थोडा धान पिकवतात. गावात कोणाला 'बाहेरचं लागलं' म्हटलं की मी त्याला मोटरसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेत असे. भगताशी दोनदा भांडलोही आहे.

तर दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. बाबा चष्म्याचा नंबर काढायला माझ्याकडं चंद्रपूरला आले होते. रविवार होता. म्हटलं, आज बाबांना हॉटेलात बसवून जेवू घालायचं. आयुष्यभर त्यांनी शिदोरी सोडून बाहेर काही खाल्लं नव्हतं.

दुपारचा एक वाजला असेल. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. हॉटेलबाहेर हिरव्या जाळीखाली वीसेक माणसं ताटकळत बसलेली. तिथली पद्धत अशी — मॅनेजर वहीत आडनाव लिहून घेतो आणि टेबल रिकामं झालं की आतून ओरडतो. मी सांगितलं, शेंडे, दोन माणसं.

अर्ध्या तासानं आतून आवाज आला, "शेंडे! दोन!"

मी उठलो. बाबांनी मनगट धरलं. "बस."

"बाबा, आपलाच नंबर आहे."

"बस मनलं ना."

परत हाक आली, "शेंडे!" बाबांनी मनगट सोडलं नाही. मॅनेजरनं लगेच पुढचं नाव घेतलं आणि आमचं टेबल गेलं. मला असा राग आला...

"हे काय बाबा? हे हॉटेल आहे, जंगल नाई!"

"हाक मारनाऱ्याचं तोंड दिसलं का तुले?"

"तो आत आहे, दारामागं. कसं दिसन?"

"मंग? तोंड नाई दिसलं, तं तिसऱ्या हाकेबिगर ओ देयाची नाई. माणूस असला तं तिसरी मारते. दुसरं काही असलं तं दोनच मारते."

आमच्याकडं हे सगळे जुने लोक पाळतात. मोहफुलं वेचायला जा, तेंदूपत्त्याला जा, तलावावर जा... झाडाआडून हाक आली तर तिसरीची वाट पाहायची. लहानपणी मीही पाळत होतो. कॉलेजात गेल्यावर सोडलं.

बाजूला एक जाडसे काका कुटुंब घेऊन बसले होते. ते हसून म्हणाले, "काकाजी, आत वाघ नाई बसला, मटन शिजून राह्यलं!"

"वाघ बरा भाऊ," बाबा म्हणाले, "तो हाक तं नाई मारत."

सगळी रांग हसली. मीही हसलो, पण ओशाळून. बाबा हसले नाहीत. हळू आवाजात मला म्हणाले, "माह्या मोठ्या भावानं दिली होती ओ. दुसऱ्याच हाकेले. मोहफुलं वेचत होतो आमी दोघं. आठ दिवस नाई काढले त्यानं." मोठे बाबा तरुणपणीच गेले एवढं मला माहीत होतं. कशानं, ते त्या दिवशी कळलं.

मी परत नाव दिलं आणि या वेळी मुद्दाम दाराजवळ उभा राहिलो, म्हणजे मॅनेजरचं तोंड दिसेल. बाबा माझ्या मागं.

आता पुढचं जसं झालं तसंच लिहितो.

माझं एक घरचं नाव आहे — चिंधू. माझ्याआधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून मायनं मला हे चिंधीचं नाव ठेवलं, नजर लागू नये म्हणून. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव आहे. चंद्रपुरात चिंधू हे नाव कोणालाच ठाऊक नाही. बायकोलासुद्धा नाही.

आतून, स्वयंपाकाच्या बाजूनं, बाईचा आवाज आला. "चिंधूऽऽ..."

माझ्या मायचा आवाज. माय गावी होती, साठ किलोमीटरवर.

दाराच्या पडद्याच्या फटीतून मॅनेजर मला दिसत होता, वहीत डोकं घालून बसलेला. त्याचे ओठ हललेही नाहीत. मी मागं बघितलं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

"चिंधू, जेवाले ये गा..."

ही दुसरी. जवळून, दाराच्या पडद्यामागून. आणि खरं सांगतो, सगळं फिजिक्स कुठल्या कुठं गेलं. मायनं जेवायला हाक मारली की ओ विचार करून देत नाही ना आपण... ती आपोआप येते. माझं तोंड उघडलं होतं. छातीतून श्वास वर आला होता.

तेवढ्यात बाबा माझ्या अंगावरून पुढं झाले आणि खणखणीत ओरडले, "ओ! येऊन राह्यलो!"

आणि पडदा सारून आत गेले.

मी मागोमाग धावलो. आत कूलर, दहा-बारा टेबलं, जेवणारी माणसं. स्वयंपाकघरात तीन आचारी, तिन्ही पुरुष. "आत्ता कोणत्या बाईनं आवाज दिला?" म्हटलं, तर ते माझ्याकडं वेड्यासारखं पाहू लागले. मी बाहेर येऊन मायला फोन लावला.

"मी? मी तं वांगे चिरून राह्यली. काऊन रे, बाबा बरे आहेत ना?"

मी फोन ठेवला. तेव्हा त्या जाडशा काकांनी मला विचारलं, "भाऊ, हे चिंधू कोन आहे? ती बाई केव्हाची बलावून राह्यली."

आम्हा बापलेकांच्या डोक्यातला भास म्हणून सोडून देता आलं असतं. त्या माणसानं ती सोय ठेवली नाही.

आत बाबा टेबलावर बसले होते. मी म्हटलं, "चला इथून." ते म्हणाले, "ओ तं दिली. आता उपाशी काऊन जाऊ?" आणि माझ्यासमोर त्यांनी दोन प्लेट मटण खाल्लं, तर्रीसकट, घाम पुसत. मी नुसता त्यांच्याकडं बघत होतो आणि मनात आकडा चालू होता... आठ दिवस.

मी ऑफिसात रजा टाकली आणि त्यांच्यासोबत गावी गेलो. आठ दिवस त्यांना तलावात उतरू दिलं नाही. रात्री ते झोपले की छाती हलते का पाहत होतो. मायला काही सांगितलं नाही. ती चिडवायची, "बापाले अंडे उबवाले बसवलं का रे?" आठवा दिवस गेला. नववा उजाडला, बाबांनी जाळं खांद्यावर टाकलं आणि तलावावर निघाले. मी घरामागं जाऊन रडलो. सुटलो म्हटलं.

त्याच दुपारी मायनं त्यांना जेवायला हाक मारली. ते तलावावरून येऊन अंगणातच होते, पाठमोरे. वळले नाहीत. तिनं परत मारली. मग मी मारली. मग दोघांनी. शेवटी मायनं जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा म्हणाले, "काय वो, आवाज तं देयाचा!"

तेव्हापासून तसंच आहे. बाबांना सगळं ऐकू येतं. मासा उसळलेला, रेडिओ, शेजारच्या घरातली कुजबुज. समोर बसून बोला, सगळं बोलतात. फक्त कोणी हाक मारली की ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही. चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मशीनमध्ये प्रत्येक बारीक टुणटुणीला त्यांनी बरोबर बटण दाबलं. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मनाचं असेल काहीतरी. असेल. पण मग त्या जाडशा काकांनी काय ऐकलं?

मागच्या दिवाळीत मी बाबांच्या समोर बसून विचारलं. ते जाळ्याचा फाटका डोळा विणत होते.

"बाबा, तुमाले तं सगळं माहीत होतं. मंग काऊन ओ दिली?"

त्यांनी मान वर केली नाही. दातानं दोरा तोडला.

"तुह्या तोंडात आली होती ना गा," म्हणाले. "तुही बाहीर पडाच्या आंधी माही गेली पाह्यजे होती. बस."