ओल्या पोटाचा सुरय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही.

धुळ्याजवळच्या एका धरणात उन्हाळ्यात वाळूचं बेट उघडं पडतं. तिथे काळ्या पोटाच्या सुरयाची जोडी उतरलीय, असा नानांचा फोन आला. नाना तिथले मासेमार. आम्हा पक्षीवेड्यांना तेच होडीतून फिरवायचे, सोबत त्यांचा कुत्रा वाघ्या. इतका दुर्मिळ पक्षी, आणि आमच्या भागात! मी धुळ्यातल्या देवपूरहून एकटाच पळालो. गटातल्या कुणाला कळवलं नाही — पहिला फोटो मला हवा होता.

नानांनी मला बेटाच्या टोकाला, घरट्यापासून लांब उतरवलं आणि ते जाळी उचलायला गेले. वाघ्या माझ्याजवळ राहिला. घरट्याजवळ जायचं नाही, हा नियम गटाला शिकवला कुणी? मीच. तरी सरकत सरकत गेलोच. वाळूत उघडी तीन अंडी. मादी पाण्यात पोट भिजवून यायची, अंडी गार करायला — पण मी होतो म्हणून उतरत नव्हती. वरच ओरडत घिरट्या घालायची. मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. वाळूवर टेकलेला हात पोळत होता. तरी फोटोसाठी तासभर हललो नाही. वाघ्या बिचारा माझ्या सावलीत जीभ काढून पडला होता.

पुढच्या रविवारी गटाला घेऊन गेलो. पक्षी नव्हते. एक फुटकं अंडं, आणि वाळूवर कुत्र्याच्या पावलांचे, माझ्या त्या खेपेचेच, अर्धवट ठसे. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो — हो, मीच म्हणालो — "वाघ्याचं काम दिसतंय."

नानांनी हात जोडले. "सर, मनी चूक शे. मना कुत्रानी बठ्ठं वाटोळं करं."

मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाघ्याला साक्रीच्या बाजारात नेऊन सोडलं. पुढे कितीतरी दिवस होडी सोडताना ते सवयीने शीळ घालायला जायचे आणि मधेच थांबायचे. मी समोरच बसलेला असायचो. नाना मागच्या वर्षी गेले. सांगायला मला चार वर्षं मिळाली होती.

तो फोटो आमच्या घरी बैठकीच्या खोलीत लावलाय. सुरय हवेत, पोटावरून पाणी ठिबकतंय. "काय क्षण पकडलाय, सर!" लोक म्हणतात.

लांबून काढलाय, असं मी सांगतो.