सूचना वहीतली कोरी पानं

ओढ्यावरच्या साकवाचा पाया कातळापर्यंत नेऊ नका, असं उपअभियंत्यांनी मला तोंडी सांगितलं. साकव खचल्यावर मात्र मी त्यांची लेखी सूचना धुडकावून काम केलं, असं कागदावर आलं. त्यांनी मला फसवलं. फसवायला जी सही लागली ती माझी होती, हेही इथंच सांगून टाकतो. नंतर कुणी ते शोधून काढल्याचा आव आणायला नको.

मी आळे गावचा. सेंट्रिंगच्या प्लेटा डोक्यावरून वाहत या धंद्यात आलो. दुसऱ्याच्या मिक्सरवर घमेली ओतली, मग स्वतःचा मिक्सर घेतला, मग सरकारी ठेकेदार म्हणून नोंदणी केली. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळं फसूनच शिकलो. खडीची गाडी आली की मी वर चढतो आणि कोपरापर्यंत हात खाली घालतो. तळाला दगडाची कच लागली की गाडी परत. आळेफाट्यावरचे खडीवाले मला बघून आधी चहा मागवतात आणि भाव नंतर सांगतात. चहा पिऊनही मी भांडतो, हे त्यांना माहीत आहे.

सरकारी बांधकामात कुणी काय करायचं हे सगळं लिहिलेलं असतं. गावानं मागणी करायची. खात्यानं नकाशा आणि अंदाजपत्रक करायचं. शाखा अभियंत्यानं रोजच्या कामावर नजर ठेवायची आणि मोजमापं घ्यायची. उपअभियंत्यांनी पाया, सळई, स्लॅब अशा टप्प्यांना येऊन बघायचं आणि पुढं जायला सांगायचं. त्यांच्या वर कार्यकारी अभियंता. ठेकेदारानं नकाशाप्रमाणं बांधायचं. या सगळ्यांना बांधून ठेवणारी एक सूचना वही असते. साहेब साइटवर जे सांगतील ते त्यांनी त्या वहीत लिहायचं, आणि खाली ठेकेदारानं ‘सूचना मिळाली’ म्हणून सही करायची.

ही वही साइटवर असावी असा नियम आहे. मी केलेल्या कामांत ती शाखा अभियंत्याच्या कचेरीतल्या कपाटात असायची. काम सुरू होण्याच्या दिवशीच मी तिच्या सगळ्या पानांच्या तळाशी सह्या करून ठेवायचो. डोंगरातून दर खेपेला एका सहीसाठी कोण खेटे घालणार? बिलाच्या वेळी वही भरलेली लागते. मग शाखा अभियंता एका बैठकीत पाच-सहा तारखा टाकून ‘सळई तपासली’, ‘काँक्रीटला पाणी मारावे’ असं लिहून मोकळा होतो. कुणाचं काही बिघडलं नाही, त्यामुळं यात काही चूक आहे असं वाटणंच बंद झालं. खडीत कोपरापर्यंत हात घालणाऱ्या मला आपण किती कोऱ्या पानांवर सह्या केल्यात हेही सांगता आलं नसतं.

हे काम पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातलं. ओढ्याच्या अलीकडं गाव, पलीकडं वाडी. पावसाळ्यात ओढा चढला की वाडीच्या लोकांना वरच्या खिंडीतून वळसा घालून गावात यावं लागायचं. गावच्या सरपंचबाई त्या वाडीतल्याच. साकवाची मागणी त्यांनी लावून धरली होती, त्यामुळं त्या रोज विळा कमरेला खोचून कामावर यायच्या आणि दगडावर बसून बघायच्या. मी एकदा गवंड्यावर तोंड सोडलं तेव्हा म्हणाल्या, “पावणं, वरडून काँक्रीट घट व्हतं व्हय?”

“नाही. पण माणूस घट्ट होतो.”

“मंग तुमचा गवंडी आता दगूड झाला असंल.”

अलीकडच्या काठाला कातळ छातीएवढ्या खोलीवर लागला. पलीकडं लागेना. आधी माती, मग पिवळा मुरूम, आणि खड्ड्याच्या चारी बाजूंनी पाणी झिरपायला लागलं. पंप बंद केला की खड्डा भरायचा. मार्चचे शेवटचे दिवस होते. उपअभियंता आले, काठावरच उभे राहिले.

“कुठपर्यंत आलंय?”

शाखा अभियंता म्हणाला, “सर, कातळ अजून नाही.” तरुण होता. पहिलीच नेमणूक.

साहेबांनी एका मजुराला पहार मारायला लावली. दोनदा मारून झाल्यावर म्हणाले, “ठणठणीत आहे की. हा मुरूम हलत नाही. खोदाई थांबवा, उद्या काँक्रीट घ्या.”

“साहेब, नकाशात कातळ लिहिलाय,” मी म्हणालो.

“नकाशावर सही माझीच आहे ना? मार्चअखेर आहे. पाया पडला नाही तर निधी परत जाईल. मग बसा खड्ड्यात मासे धरत.”

“मग वहीत लिहून द्या.”

“लिहील की हा.” त्यांनी शाखा अभियंत्याकडं बोट केलं. त्यानं मान हलवली.

दगडावरून सरपंचबाई म्हणाल्या, “आन् कातळ, सायब?”

“बाई, हा कातळच आहे. अजून पिकायचा राहिलाय.”

सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं. आठवडाभर मी त्या पाण्याशी झगडत होतो आणि कुणीतरी मोठ्या माणसानं थांब म्हणावं अशी वाटच बघत होतो. साहेबांच्या शब्दावर मी भाव केला नाही. एरवी मी भाजीवाल्याच्याही पहिल्या शब्दावर थांबत नाही.

साकव झाला. पहिला पावसाळा त्यानं नीट काढला. वाडीतल्या बायका दुधाच्या किटल्या घेऊन छत्रीखाली गप्पा मारत त्यावरून जाताना मी बघितल्यात. दुसऱ्या पावसाळ्यात पलीकडच्या पायावरची भिंत ओढ्याच्या वरच्या अंगाला खचली. स्लॅब कलला. भिंत आणि स्लॅब यांच्या मधल्या भेगेत हात जाईल एवढी जागा झाली. वर त्या वेळी कुणी नव्हतं. खात्यानं दोन्ही टोकांना पत्रे आणि बाभळीच्या काट्यांचे फेस लावून ‘धोकादायक, वापर बंद’ अशी पाटी ठोकली.

मला नोटीस आली. कार्यकारी अभियंत्यांपुढं सुनावणी झाली. मी बेधडक गेलो. वही काढा म्हणालो, त्यात साहेबांची सूचना असेल. वही निघाली, आणि सूचनाही निघाली. काँक्रीटच्या दोन दिवस आधीची तारीख होती. ‘पलीकडील पाया कातळापर्यंत न्यावा. मुरुमावर काँक्रीट करू नये.’ अक्षर शाखा अभियंत्याचं, खाली सही उपअभियंत्यांची आणि तळाला माझी. सही खरी होती, तिला खोटी कसं म्हणणार?

मी टेबलावर हात आपटला. कार्यकारी अभियंत्यांच्या फायलीवर चहा सांडला. सुनावणीच्या इतिवृत्तात ठेकेदारानं आरडाओरडा केला असं लिहिलंय. त्या इतिवृत्तातलं तेवढंच वाक्य खरं आहे. उपअभियंता समोर बसले होते. मी त्यांना थेट विचारलं, “तुम्ही थांबवा म्हणालात की नाही?” ते कार्यकारी अभियंत्यांकडं बघत म्हणाले, “सर, जे आहे ते रेकॉर्डला आहे.”

शाखा अभियंता मला बाहेर जिन्यात भेटला. माझ्याकडं न बघता म्हणाला, “भाऊ, माझी नोकरी नवी आहे. सरांनी लिहायला सांगितलं ते लिहिलं.”

“कधी लिहिलंस?”

“साकव खचल्यावर.”

“मग एवढंच एका कागदावर लिहून दे.”

“ते कसं लिहू?”

मी त्याची कॉलर धरणार होतो. धरली नाही. तो घाबरला होता. पायाच्या दिवशी मी एवढा घाबरलो असतो तर त्या खड्ड्यात काँक्रीट ओतलं नसतं.

मी वाडीत गेलो. ओढ्याला पाणी होतं, त्यामुळं खिंडीतून गेलो. चढताना दोनदा बसावं लागलं. सरपंचबाई शेणी थापत होत्या. साहेब काय बोलले ते तुम्ही ऐकलंय, जबाब द्याल का, असं मी विचारलं.

“देईन की. ऐकलंय ते सांगीन. तुमी हसला व्हता का न्हाई?”

“हसलो होतो.”

“मंग तेबी सांगीन.”

“सांगा.”

त्यांनी हात धुतले. “जबाब दिऊन साकव उगडतोय का? तुमचं आन् सायबाचं भांडान आमी कितीक दिस बघायचं? आमची म्हातारी मानसं दवाखान्याला जायचं म्हनलं की म्हनत्यात, बरं वाटतंय आता. खिंड चढवत न्हाई म्हून बरं वाटतंय. तुमाला कळतंय का, राव?”

मला कळत होतं. दोन महिने मी अडून बसलो होतो, की आधी चूक कुणाची ते लिहा, मगच दुरुस्ती. सौदा करायची मला सवय आहे. पण या सौद्यात माझ्या हातात होता तो वाडीचा रस्ता, आणि तो माझा नव्हता.

त्यांनी जबाब माझ्याकडून लिहवून घेतला, मोठ्यानं वाचायला लावला आणि सही करायच्या आधी खालच्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी तो जबाब जोडून मी खात्याला पत्र दिलं. पलीकडची भिंत काढून, कातळापर्यंत खोदून, माझ्या खर्चानं नवी बांधून देतो. दोष कुणाचा ते नंतर ठरवा. जेसीबी ठरवला, गवंडी बोलावले. खात्याकडून दोन पत्रं आली, दोन्ही एकाच आठवड्यात. पहिल्यात म्हटलंय, दुरुस्ती ही ठेकेदाराची जबाबदारी आहे, मुदतीत केली नाही तर नाव काळ्या यादीत जाईल. दुसऱ्यात म्हटलंय, चौकशी चालू असल्यानं पुढील आदेशापर्यंत बांधकामास हात लावू नये. दोन्हींवर उपअभियंत्यांची सही आहे. मी ती दोन पत्रं घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो, तर ते साइटवर गेलेत असं शिपायानं सांगितलं. साइटवर गेलो. तिथं फक्त बाभळीचे फेस होते.

जेसीबी आठवडाभर गावात उभा राहून परत गेला. वाडी अजून खिंडीतून चालते.

माझ्या वाट्याचं मी कबूल केलंय. कोऱ्या पानांवर सह्या मी केल्या, नकाशा ठाऊक असून खोदाई मी थांबवली, आणि नंतर अडून बसलो तेही मीच. कुणी विचारलं तर हे पुन्हा सांगेन. आता साहेब, तुमच्या वाट्याचं. खोदाई थांबवायला कुणी सांगितलं होतं? साकव खचल्यावर त्या वहीत मागची तारीख कुणी टाकायला लावली? तुमच्या दोन पत्रांपैकी खरं कोणतं? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्या स्वतःच्या अक्षरात लिहा, आणि वाडीच्या लोकांपुढं उभं राहून वाचून दाखवा.