रेघेखाली गेलेली विहीर

"या कागदावर माही विहीर कुठी हाय?" गोदाबाई माळिणीने विचारलं आणि मला बोट ठेवायला जागा सापडेना.

अमरावतीहून बडनेरा स्टेशनापर्यंत कापसाच्या गाड्यांसाठी नवा रस्ता काढायचा होता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस अडलेला, इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस. सगळ्यांनाच घाई. मी सर्व्हेअर. सगळा रस्ता एका शीटवर मावावा म्हणून मी स्केल लहान घेतलं होतं. स्केल म्हणजे जमीन कागदावर किती आखडून दाखवायची, ते प्रमाण. फार आखडली की मुलूख मावतो, पण बारीकसारीक गोष्टी नाहीशा होतात. माझी पेन्सिलीची रेघच गोदाबाईच्या मळ्याएवढी रुंद होती. विहीर नेमकी तिच्याखाली गेली होती. विहीर बुजली की मळाही संपला.

"दिसत नाई म्हून बुजवता काय?" बाई म्हणाली. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

रस्त्याच्या कामावरच्या इंजिनिअर साहेबांना म्हटलं, "रस्ता मोठ्या स्केलवर काढतो."

"मग कागद अकोल्यापर्यंत अंथरावा लागेल. सरळ रेघ मारा."

तेही खोटं नव्हतं. म्हणून रस्ता लहान स्केलवरच ठेवला आणि फक्त मळ्याचा तुकडा वेगळ्या शीटवर मोठा काढला. विहीर, मोट, मोटेचं पाणी पडतं ते थारोळं, बांधावरचा लिंब. मापं घेताना पाहिलं, कापसाच्या गाड्या वाट सोडून तिथेच वळत होत्या आणि बैल थारोळ्यात तोंड घालत होते. त्या चाकोऱ्याही काढल्या.

गोदाबाई कागदावर वाकली. "आता दिसते. पन वांगे काहून नाई काढले?"

वांगी काढली.

साहेबांनी शीट बराच वेळ पाहिली. "गाड्या इथे वळतातच?"

"बैलांना पाणी लागतं, साहेब. पुढे स्टेशनापर्यंत दुसरी विहीर नाही."

"मग रस्ताच वळवा. आणि ही वांगी खोडा."

वांगी खोडली, रस्ता वळला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आता नवा इंजिनिअर आला की हमखास विचारतो, एवढ्या सरळ रस्त्याला मध्येच हा बाक कोणी दिला? मी त्याला एवढंच सांगतो की स्केल ठरवण्याआधी आपली रेघ जमिनीवर किती जाड पडते ते बघावं. मग त्याला वळणावर घेऊन जातो. तिथे बैल न हाकता थांबतात आणि गोदाबाई माझ्या गाडीत वांगी टाकते.