फाकलेल्या पायांचं पिल्लू

मुलांनो, जळगावच्या आमच्या कापड दुकानवाल्या शेजारणीसारखे हलके हात मी पाहिले नाहीत. मी पाळलेल्या फिंच पक्ष्यांच्या एका पिल्लाचे पाय बाजूला फाकलेले होते. ते सरळ वाढावेत म्हणून मी ते मऊ लोकरीनं जवळ बांधायचे, तेव्हा ती रोज येऊन पिल्लाला ओंजळीत धरायची. मी गाठ मारताना तीच डोळे मिटायची. “अक्का, हळू! जीव आहे तो,” असं मलाच दटावायची. वाटेत मुंगी दिसली तरी ती वळसा घालून जाते.

तिच्या पर्युषणाच्या उपवासांच्या शेवटच्या दिवशी मी गच्चीवर गेले, तर पिल्लाचा छोटा पिंजरा उघडा आणि ती कठड्याशी हात जोडून उभी.

“पिल्लू कुठे आहे?”

“सोडलं, अक्का. आजच्या दिवशी जीव कोंडू नये. अर्धं पुण्य तुमचं.”

“अहो, त्याचे पाय बांधलेत! त्याला अजून उडता येत नाही!”

“मोकळं झालं की शिकेल,” ती हसून म्हणाली.

मी वाकून पाहिलं. खालच्या पत्र्यावर पिल्लू धडपडत होतं. मी जिन्याकडे वळणार, तोच कावळ्यानं ते उचललं. ती अजून आभाळाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा इतका आनंदी होता की मी फक्त रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावून घेतलं.