मामांनी वाटून घेतलेली गोळी

"अदलाबदल? बाटल्यांची अदलाबदल केली तुम्ही दोघांनी?" डॉक्टरीणबाई अशा कडाडल्या, की दवाखान्याच्या दारात झोपलेलं कुत्रं थेट मुकुंदवाडी स्टेशनात जाऊन थांबलं. समोरच्या बाकड्यावर आमचे मामा आणि त्यांचे खुलताबादचे शेतकरी दोस्त, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे बसलेले.

"व्हय बाई, दर गुरुवारी," मामा म्हणाले. "एकालाच खरं औषध म्हंजी अन्यायच की."

आमच्या मामांइतका न्यायी माणूस निजामाच्या आधी झाला नाही आणि नंतरही होणार नाही. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. गुलमंडीवर ते नुसते शिंकले तरी दुकानदारांचे काटे आपोआप सरळ व्हायचे. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या जिलबीला वेढा कमी दिसला, तर वाढप्याची चौकशी लागायची. पण मामी गेल्या आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून निजला तो निजलाच. भाजीवाल्यानं वांगी ढळढळीत कमी तोलली, तरी हूं नाही की चूं नाही. तेव्हा मात्र आमचं धाबं दणाणलं.

डॉक्टरीणबाई तेव्हा उदासीवरच्या एका औषधाची पारख करत होत्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तश्शीच दिसणारी पिठाची. कुणाला कोणती, हे बाईंनाही ठाऊक नाही. मामांनी सही ठोकली खरी, पण ठाऊक नसणं त्यांना सोसेना. त्यांनी गोळी सोनाराच्या काट्यावर तोलली, चाटली, शेवटी मुंग्यांपुढं ठेवली. मुंग्यांनीही मत दिलं नाही. मग बाकड्यावर हे खुलताबादवाले भेटले. दोघांत एकाची तरी खरी असणारच, असा हिशोब करून बाटल्या फिरू लागल्या. बरोबर तिकडचे पेरू इकडं आणि मामांचा चिवडा तिकडं. हळूहळू मामा उठले, दाढी केली, आणि एके सकाळी भाजीवाल्याशी असे कडाकडा भांडले, की आम्ही गल्लीत पेढे वाटले.

"अहो, खऱ्या गोळीनं जरा जास्त माणसं उठतात, पिठानंही बरीच उठतात," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "मधला फरक तोलायचा होता. तुम्ही काट्यावरच जाऊन बसलात!"

दोघांची नावं कटली. मग गोळ्यांची यादी ठेवणाऱ्या वरच्या साहेबांना विचारून बाईंनी सांगितलं: दोन्ही बाटल्यांत पीठ.

मला वाटलं, आता मामा पुन्हा भिंतीकडं वळणार! खुलताबादवाले मात्र टोपी पडेस्तोवर हसले, आणि मग हळूच म्हणाले, "बाई, मला अजून झोप नाय लागत. मला खरीच द्या." बाईंनी त्यांना औषध सुरू केलं, गुरुवारी दाखवायला या म्हणाल्या. मामांना नीट तपासून म्हणाल्या, तुम्ही बरे आहात. तुम्हाला गोळीही नको आणि खेपाही नकोत.

रिक्षात बसल्यावर मी भीतभीतच विचारलं, पुढच्या गुरुवारी मग घरीच ना?

"नाय," मामा म्हणाले. "त्यांना बाकड्यावर एकट्यानं बसवत नाय."