विळीच्या पाटाची मूठ

आई गेल्यावर तिची विळी आमच्या गुडगावच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर पडून होती. लहानपणी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची सगळी भाजी त्या विळीवर चिरली गेली. पातं गंजून गेलं होतं, पण आईच्या पायाखाली गुळगुळीत झालेला लाकडी पाट अजून धड होता. त्याचीच मूठ करून एक सुरी बनवायची, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. मानेसरच्या भंगारवाल्याकडून जुन्या करवतीचा तुकडा आणला आणि दर रविवारी बाल्कनीत कानशीने घासत बसलो. शेजारी वैतागले. वैतागू देत! त्यांच्या ड्रिलने माझ्या कितीतरी दुपारी नासवल्या आहेत.

काल सुरी तयार झाली. बायकोने दुधी चिरायला घेतला होता. तिने हात पुढे केला, "दे ना यार, बघू."

मी दिली नाही. हातातून हातात सुरी दिली की भांडण होतं, असं आई म्हणायची. स्वतः खाली ठेवायची आणि दटावायची, "आता उचल."

मी सुरी ओट्यावर ठेवली आणि तसंच म्हणालो, "आता उचल."

बायको थांबून राहिली. मुठीवरून माझा हात निघत नव्हता.