न दुखणारं रक्त

बिरिता गेली तेव्हा तिच्या अंगावर कुणाला धड जखम सापडली नाही. स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खुर्चीत ती बसलेली होती. मान कललेली, मांडीवर अर्धवट विणलेला मोजा, पाय गरम पाण्याच्या टबात. ते पाणी लालभडक झालं होतं. चेहरा मेणासारखा पांढरा, पण त्यावर भीतीचा मागमूस नव्हता. पोटभर जेवून डुलकी लागावी तशी ती दिसत होती.

शेजारच्या आर्मगार्डनं तिला पहिल्यांदा पाहिलं. वादळामुळे बोट बंद होती, डॉक्टर बेटावर पोचेपर्यंत बिरिताला अंघोळ घालून शवपेटीत ठेवलं होतं. हृदय बंद पडलं, असं कागदावर लिहून तो निघून गेला. पण अंग धुताना आर्मगार्डला घोट्याच्या आतल्या बाजूला टाचणीनं टोचल्यासारखा एक ठिपका दिसला होता. तो दाताचा होता, असं ती शपथेवर सांगायची.

"तिच्या नवऱ्यानं टेकडीतले दगड काढून मेंढ्यांचा गोठा बांधला ना? टेकडीतल्यांनी वसूल केलं. प्यायले तिला."

बिरिताच्या घरामागे गवतानं झाकलेली एक बुटकी टेकडी होती. तिच्या पोटात राखाडी कपड्यातली माणसं राहतात, त्यांच्या दगडाला हात लावायचा नाही, हे अटलांटिक समुद्रातल्या फॅरो बेटांवरच्या त्या गावात शेंबडं पोरही जाणून होतं. आर्मगार्डच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. बिरिताचा नवराही मग तिथं राहिला नाही; घर कितीतरी वर्षं रिकामं पडलं.

एल्स्पा ही बिरिताच्या बहिणीची मुलगी. लग्न झाल्यावर ते घर तिच्या वाट्याला आलं. तिचा नवरा हानुस मासेमारीच्या जहाजावर असायचा. महिना महिना समुद्रात. "मेलेल्यांना जागा लागत नाही, आपल्याला लागते," असं म्हणून त्यानं भिंती रंगवल्या, छपरावर नवं गवत लावलं, जुनी खुर्ची धक्क्यावर नेऊन जाळली. एल्स्पा मासळीच्या कारखान्यात कॉड माशांचे काप काढायला उभी राहू लागली. ओलं सिमेंट, पायात रबरी बूट, हातात सुरी, आणि सकाळपासून शिफ्ट संपेपर्यंत एकाच जागी उभं राहणं. दोन्ही बाळंतपणांच्या आदल्या आठवड्यापर्यंत ती तशीच उभी होती.

धाकट्या मुलीनंतर तिच्या डाव्या पायावर शिरा दिसायला लागल्या. आधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, मग दोरीसारख्या जाड, हिरव्यानिळ्या, पिळवटलेल्या. संध्याकाळी बूट काढले की पोटरी दगडासारखी जड व्हायची. जमिनीखालून कुणीतरी पाय धरून हळूहळू ओढतंय, असं वाटायचं. झोपून पाय उशीवर टाकला की ओढणारा सोडून देई. उभी राहिली की पुन्हा धरी.

"अगं, डॉक्टरला दाखव की," हानुस फोनवर म्हणाला.

"दुखत कुठं काय? ओंगळ दिसतं, एवढंच. ओंगळ पाय दाखवायला डॉक्टरकडे जायचं का?"

"मला दाखवतेस तेव्हा मी काही फी घेत नाही."

"तू आधी घरी ये, मग बोल."

तिनं हसून फोन ठेवला. पण त्या उन्हाळ्यात ती आखूड झग्यात एकदाही बाहेर पडली नाही. घोट्याजवळची कातडी खाजायला लागली, हळूहळू तपकिरी पडली, चामड्यासारखी कडक झाली. आणि त्या तपकिरी कातडीत एक बारकासा फोड उगवला. मसुराएवढा, जांभळा, वरची कातडी इतकी पातळ की आतलं रक्त दिसावं. बोट ठेवलं की तो जायचा. बोट काढलं की परत यायचा. जणू आतून कुणी डोळा उघडत होतं.

एकदा अंगणात लोकर वाळत घालताना वाऱ्यानं तिचा झगा उडाला. कुंपणापलीकडे आर्मगार्ड उभी होती. आता ती फार म्हातारी झाली होती; तिचे स्वतःचे पाय कायम जाड लोकरी पट्ट्यांत गुंडाळलेले असत. ती कुंपणाशी आली, वाकली, आणि एल्स्पाच्या घोट्याकडे बघत राहिली.

"तिथंच होता," ती म्हणाली.

"काय, आर्मगार्डआजी?"

"दाताचा ठिपका. बिरिताच्या पायावर. बरोबर त्याच जागी."

"काहीतरीच काय बोलता! माझ्या पायाला कुणी चावलेलं नाही."

"अजून नाही," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

त्या दिवसापासून एल्स्पानं स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीला पडदा लावला. टेकडी दिसायची थांबली, पण तिथं आहे हे काही विसरता येईना. भांडी घासताना पाठीवर नजर जाणवायची. आपण लहानपणी ऐकलेलं खरं मानतोय याची तिला लाज वाटे, म्हणून तिनं हे हानुसलाही सांगितलं नाही.

जूनमधली एक सकाळ. मुली शाळेत गेलेल्या, हानुस समुद्रावर, आणि दाट धुकं असं की फाटकसुद्धा दिसू नये. एल्स्पाची सुट्टी होती. तिनं बराच वेळ गरम पाण्यानं अंघोळ केली. पाय पुसताना टॉवेल घोट्यावरून जरा जोरात फिरला. मग तिला आवाज आला. पत्र्याच्या बादलीवर बारीक पाऊस पडावा तसा, टपटप नव्हे, सलग.

तिनं छपराकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. मग बादलीवरची लाल रेघ दिसली. तिच्या घोट्यातून सुतासारखी एक धार निघून बादलीवर आपटत होती. कुठंही दुखत नव्हतं. मुंगी चावल्याएवढंही नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त आपल्या पायातून वाहतंय, असं तिला वाटलं.

तिनं टॉवेल गुंडाळला, स्वयंपाकघरात आली आणि चक्कर आली म्हणून चुलीजवळ खुर्ची ओढून बसली. टॉवेल भिजला. तिनं दुसरं फडकं घेतलं, तेही भिजलं. पायाखालच्या फरशीवर लाल थारोळं हळूहळू पसरत चाललं. खोली छान उबदार वाटू लागली. हातपाय हलके झाले, डोळ्यांवर झापड आली. मागच्या खिडकीचा पडदा हवेनं थोडा सरकला होता. धुक्यात टेकडी नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखी वाटली, पार भिंतीला टेकलेली. तिथं राखाडी काहीतरी उभं होतं. मेंढी असेल, किंवा नसेल. तिला त्याची भीती वाटली नाही. या, बसा, असं म्हणावंसं वाटलं.

भीती वाटत नाही याचीच मग तिला भीती वाटली. बिरितामावशीचा तो निवांत चेहरा! लोकांनी वर्णन केलेला, झोपल्यासारखा. मावशीलाही असंच बरं वाटलं असणार. ती याच जागी बसली होती. अशीच.

एल्स्पानं टेबलावरचा फोन ओढला. शेजारच्या गावातल्या दवाखान्यात त्या दिवसांत डेन्मार्कहून आलेली लिस्बेथ नावाची डॉक्टर बदलीवर होती. तिनंच फोन उचलला.

"पायातून रक्त येतंय," एल्स्पा म्हणाली. "थांबत नाही. पण दुखत नाहीये, गडबड नाही."

"तुम्ही बसलाय की आडव्या आहात?"

"बसलेय. खुर्चीत."

"उतरा खाली! आत्ताच्या आत्ता. जमिनीवर पाठ टेकवा, पाय खुर्चीवर टाका. उंच. टाकला?"

"फरशी सगळी…"

"फरशी खड्ड्यात गेली. पाय वर गेला का?"

"गेला."

"आता जिथून येतंय तिथं फडकं ठेवून अंगठ्यानं दाबा. पोचत नसेल तर दुसऱ्या पायाच्या टाचेनं दाबा. जोरात. वर दोरी-बिरी काही बांधू नका. आणि उचलून बघायचं नाही. मी गाडी पाठवतेय. माझ्याशी बोलत राहा. मुलींची नावं काय तुमच्या?"

एल्स्पानं टाच दाबली. आणि रक्त थांबलं. एवढ्याशा गोष्टीनं. आपल्याच रक्तात ओल्याचिंब फरशीवर पडून ती छताकडे बघत मुलींची नावं सांगत राहिली, आणि मग तिला इतकं रडू कोसळलं की शब्द फुटेना.

दवाखान्यात लिस्बेथनं एक टाका घातला, वर घट्ट पट्टी बांधली. पुढच्या आठवड्यात बोटीनं राजधानीला पाठवलं. तिथल्या इस्पितळात अंधाऱ्या खोलीत तिला उभं करून पायावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पोटरी दाबून सोडली की यंत्रातून आवाज येई, घळीतून वारा घुसावा तसा, लांबलचक. एल्स्पाच्या अंगावर काटा आला.

"हे काय आहे?"

"तुमचं रक्त," तपासणारी बाई म्हणाली. "उलटं चाललंय. पायातलं रक्त वर चढवायला शिरांमध्ये बारीक झडपा असतात. तुमच्या एका मोठ्या शिरेच्या झडपा मिटतच नाहीत. उभ्या राहिलात की सगळं खाली कोसळतं, घोट्याशी तुंबतं, कातडी कुजवतं. मग एखाद्या दिवशी ती फुटते. घरात आणखी कुणाला होतं का?"

"मावशीला," एल्स्पा म्हणाली. "ती गरम पाण्यात पाय घालून बसली होती."

बाईनं यंत्र बाजूला ठेवलं. "उष्णतेनं शिरा आणखी फुगतात," ती म्हणाली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

उपचार म्हणावा तर किरकोळ निघाला. मांडीपर्यंत बधिर करायची इंजेक्शनं दिली, गुडघ्याजवळून शिरेत एक बारीक नळी सरकवली आणि आतून उष्णता देऊन ती बिघडलेली शीर बंद करून टाकली. "मग रक्त जाणार कुठून?" असं तिनं घाबरून विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतल्या खोल शिरा धडधाकट आहेत, त्या वाहून नेतील. ती त्याच दिवशी चालत बाहेर पडली. घट्ट मोजे घालायचे, खूप चालायचं, एका जागी खांबासारखं उभं राहायचं नाही, बसलं की पाय वर.

घरी आल्यावर ती आर्मगार्डकडे गेली आणि सगळं सांगितलं. झडपा, शीर, गरम पाणी.

"म्हणजे आडवी केली असती तर वाचली असती?"

"तुम्ही आलात तेव्हा उशीर झाला होता, आजी. तुमच्या हातात काही नव्हतं."

"पण तिला कुणी सांगितलं असतं तर."

"हो."

आर्मगार्डनं खिडकीबाहेर टेकडीकडे पाहिलं. "टेकडीतल्यांवर राग धरणं सोपं होतं गं," ती म्हणाली. मग तिनं खाली वाकून पायावरच्या लोकरी पट्ट्या सोडायला घेतल्या. आतली पट्टी कातडीला चिकटली होती. घोट्यावर तळहाताएवढी उघडी जखम होती, किती वर्षांची कोण जाणे. "हे कुणाला दाखवलं नाही मी. मला वाटायचं, माझीही पाळी येणार. म्हणून दार लावून बसायची."

एल्स्पानं तिथूनच लिस्बेथला फोन लावला.

कामावर रुजू झाली त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत एल्स्पा बाकावर बसून तो घट्ट मोजा चढवत होती. बायका बघत होत्या. "काय गं, राजवाड्यात नाचायला निघालीस?" एकीनं टोमणा मारला. एल्स्पानं मोजा खाली ओढून टाक्याची खूण दाखवली आणि काय घडलं ते सांगितलं. फरशी, झापड, ती सुखद ऊब, सगळं. हसणं थांबलं. यंत्रांची घरघर भिंतीपलीकडून येत होती.

मग टोमणा मारणारीनंच आपल्या पँटची कड वर गुंडाळली. तिच्या शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं आणि आपलीही गुंडाळली. नंतर तिसरीनं. पांढऱ्या दिव्याखाली बाकावर ओळीनं पाय उघडे झाले, निळे, गाठाळलेले, काही तपकिरी पडलेले. वर्षानुवर्षं एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या बायका, आणि एकीलाही दुसरीचे पाय ठाऊक नव्हते.

"तुला कधी दुखलं का?" शेवटी कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही," एल्स्पा म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."